महाराष्ट्रातील तीन वर्षांची एलएलबी : पदवीधरांच्या दृष्टीने एक परीक्षण

पदवी हातात आल्यावर कायद्याकडे वळण्याचे ठरवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात सर्वांत सरळ मार्ग आहे तो तीन वर्षांच्या एलएलबीचा. पदवी कला शाखेची असो, वाणिज्यची, अभियांत्रिकीची किंवा वैद्यकीय, ती मान्यताप्राप्त विद्यापीठाची असली म्हणजे पुरते. वकिलीत माझी बरीच वर्षे गेली असून दरवर्षी उन्हाळ्यात ओळखीपाळखीची माणसे या अभ्यासक्रमाविषयी विचारायला येतात. त्यांना जे सांगतो, तेच येथे सविस्तर मांडत आहे. माझे मत आधीच नोंदवतो : प्रवेश देताना हा अभ्यासक्रम अतिशय उदार आहे, पण प्रवेश झाल्यावर तो विद्यार्थ्याचा पूर्ण दिवस मागतो, आणि ही दुसरी गोष्ट प्रवेश घेण्यापूर्वी फारसे कोणी लक्षात घेत नाही.

पात्रतेची मूळ चौकट बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिली व्यवसायाचे आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनी ठरवून दिली आहे. खुल्या प्रवर्गाला पदवी परीक्षेत किमान 45 टक्के, इतर मागास प्रवर्गांना 42 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल बाकी असलेल्यांनाही प्रवेश परीक्षा देता येते. वयाच्या कमाल मर्यादेवरून मध्यंतरी बराच वाद झाला. परंतु 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली आणि निवृत्तीनंतर कायदा शिकू इच्छिणाऱ्यांची वाट मोकळी झाली. माझ्या मते या अभ्यासक्रमाचा हा मोठाच गुण आहे, कारण कोर्टकचेरीचा अनुभव घेतलेला, जमिनीचे किंवा सेवाविषयक प्रकरण स्वतः लढलेला पन्नाशीतला विद्यार्थी वर्गात असला की दिवाणी प्रक्रिया संहितेचा तास वेगळाच रंगतो.

टक्केवारीपेक्षा अधिक माणसे अडकतात ती शिक्षणाच्या क्रमात. बार कौन्सिलच्या नियमानुसार मुक्त किंवा दूरशिक्षणातून घेतलेली पदवी चालते, पण त्याआधी दहावी आणि बारावीचे मूलभूत शिक्षण झालेले असावे लागते. ते न होता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी मिळवलेला उमेदवार अपात्र ठरतो. आपल्याकडे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे हा प्रश्न घरोघरचा आहे. मध्यंतरी एक एसटी वाहक आपली कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आले होते. दहावीनंतर शाळा सुटली, पुढे नोकरी करता करता बारावीऐवजी मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून त्यांनी बी.ए. पूर्ण केले आणि गुणही साठ टक्क्यांच्या आसपास मिळवले. गुणपत्रिका पाहून कोणीही त्यांना पात्रच म्हटले असते. परंतु फाइलमध्ये बारावीचे प्रमाणपत्र नव्हते आणि साठ टक्के असूनही ती उणीव भरून निघणारी नव्हती. शिक्षणाची दुसरी संधी कष्टाने मिळवणाऱ्या माणसालाच हा नियम नेमका आडवा येतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. पण नियम आज तसा आहे. म्हणून परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी दहावी, बारावी आणि पदवी ही तिन्ही प्रमाणपत्रे याच क्रमाने समोर मांडून पाहावीत, आणि गुणपत्रिकेवर श्रेणीगुण असतील तर विद्यापीठाकडून टक्केवारीचे रूपांतर प्रमाणपत्र वेळेत घ्यावे.

प्रवेश परीक्षा राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. 2016 पासून राज्यभर ही एकच सीईटी आहे. त्यापूर्वी पदवीच्या गुणांवर प्रवेश होत असत. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असते, प्रश्न पर्यायी असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कायद्याचा कल, चालू घडामोडींसह सामान्य ज्ञान, तर्कशक्ती आणि इंग्रजी एवढाच तिचा आवाका आहे. वर्तमानपत्र नियमित वाचणाऱ्या आणि राज्यघटनेची ठळक कलमे माहीत असलेल्या पदवीधराला महागड्या शिकवणीची गरज नाही, असे मी जबाबदारीने सांगतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी देशभर होणाऱ्या क्लॅट परीक्षेशी तुलना केली तर फरक लगेच जाणवतो, कारण ती केवळ इंग्रजीत होते, लांबलचक उताऱ्यांवर बेतलेली असते आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण जातो. ग्रामीण भागातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या पदवीधराच्या दृष्टीने राज्याची सीईटी निःसंशय अधिक न्याय्य आहे.

परीक्षेनंतरची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया मात्र तितकी सुखाची नाही. जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास अशा कागदांची जुळवाजुळव निकालानंतर सुरू केली तर हमखास उशीर होतो. ती फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावी. गेल्या काही वर्षांत प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळा संपेपर्यंत, कधी त्याहीपुढे लांबल्या आहेत. त्यामुळे पहिल्या सत्राला शिकवण्याचे दिवस कमी उरतात आणि परीक्षा मात्र अंगावर येते. करार कायद्यासारखा पायाभूत विषय अशा घाईत शिकवला जाणे हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष आहे, कारण तेथे राहिलेले कच्चेपण पुढे दावे लिहिताना उघडे पडते.

पसंतीक्रम भरताना महाविद्यालयाच्या नावाइतकाच त्याच्या चालण्या-वागण्याचा विचार करावा. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय 1855 चे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1935 मध्ये त्याचे प्राचार्य झाले. उच्च न्यायालय जवळ असल्याने तेथील विद्यार्थ्याला सुनावण्या पाहण्याची आणि ज्येष्ठ वकिलांच्या कार्यालयात उमेदवारी करण्याची सोय आपोआप मिळते, आणि शुल्क खासगी महाविद्यालयांच्या तुलनेत नाममात्र आहे. पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय 1924 चे असून ग्रंथालय आणि मूट कोर्टची, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यांची, परंपरा ही त्याची खरी मिळकत आहे. या दोन्ही ठिकाणी प्रवेशासाठी चांगलीच चुरस असते. ज्यांना आपल्याच जिल्ह्यात वकिली करायची आहे, त्यांनी मात्र जिल्ह्याच्या ठिकाणचे जुने महाविद्यालय कमी लेखू नये. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे कामकाज मराठीत चालते, राज्यातील अनेक विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, आणि ज्या वकील मंडळींमध्ये पुढे उभे राहायचे तेथील माणसे विद्यार्थिदशेतच ओळखीची होतात.

आता वेळेविषयी. ‘नोकरी सांभाळून एलएलबी करून टाकू’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर स्पष्ट शब्दांत देणे मला कर्तव्य वाटते. नियमांनुसार आठवड्याला किमान 30 तासांचे अध्यापन अपेक्षित आहे, अनिवासी महाविद्यालयांत वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच घेता येतात आणि परीक्षेला बसण्यासाठी 70 टक्के उपस्थितीची अट आहे. रात्रीचे विधी महाविद्यालय ही कल्पना या चौकटीत बसत नाही. त्याशिवाय तीन वर्षांत किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते आणि दुसरी नियमित पदवी याच काळात घेता येत नाही. काही महाविद्यालये हजेरीच्या बाबतीत डोळेझाक करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु अशा ठिकाणाहून पदवी घेतलेला तरुण जेव्हा साधा जामीन अर्ज लिहिताना अडखळतो, तेव्हा नुकसान त्याच्या अशिलाचे होते. त्यातच 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्यासोबतचे दोन कायदे लागू झाले असले, तरी त्यापूर्वीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू राहते. आजच्या विद्यार्थ्याला जुने आणि नवे दोन्ही कायदे शिकावे लागतात, आणि ते गाइडच्या भरवशावर जमत नाही.

राज्याबाहेर जाण्याची तयारी असेल तर पर्याय आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेत सीयूईटी-पीजी या देशपातळीवरील सामायिक प्रवेश परीक्षेमार्फत प्रवेश होतो आणि खुल्या प्रवर्गाला पदवीला 50 टक्के लागतात. शुल्क आणि शिक्षण यांचा मेळ पाहता देशात याहून चांगला सौदा क्वचितच मिळेल. बंगळूरुच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2022 पासून तीन वर्षांची एलएलबी सुरू केली असून तिच्यासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. दर्जा उत्तम, पण खर्च सामान्य घराला झेपणारा नाही. आयआयटी खरगपूरचा अभ्यासक्रम बौद्धिक संपदेवर भर देणारा आहे आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा तत्सम शाखेत प्रथम श्रेणी असलेल्यांनीच त्याचा विचार करावा. बारावीनंतरची पाच वर्षांची एकात्मिक पदवी पदवीधराने पुन्हा सुरुवातीपासून करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

पदवीनंतर काय, हेही प्रवेशापूर्वीच पाहावे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेण्याचे शुल्क सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये इतके मर्यादित झाले, ही नवोदितांना फार मोठी सवलत आहे. सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. पूर्णवेळ पगारी नोकरीत असलेल्याला वकिली करता येत नाही, त्यामुळे सरकारी कर्मचाऱ्यांनी पदवी विभागीय कामासाठी हवी की व्यवसायासाठी, हे आधी ठरवावे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये पुन्हा लागू केली. पदवी मिळताच न्यायाधीश होण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांना ती जाचक वाटते. परंतु साक्षीदाराची उलटतपासणी कधीच न घेतलेल्या व्यक्तीने न्यायासनावर बसू नये, असे मला वाटते.

एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, हिच्याविषयी थोडक्यात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील एक वर्षाच्या एलएलएमसाठी क्लॅट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि खुल्या प्रवर्गाला एलएलबीत 50 टक्के आवश्यक असतात. राज्यातील पारंपरिक विद्यापीठांत दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अध्यापनात जायचे असेल, म्हणजेच पुढे नेट किंवा महाराष्ट्र-गोव्याची सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यायची असेल, तर एलएलएम आवश्यकच आहे. न्यायालयात काम करायचे असेल तर ते वर्ष एखाद्या चांगल्या सीनियरच्या हाताखाली घालवावे.