रत्नागिरीच्या सड्यावरील पावसाळी निसर्गफेरी : अभिप्राय

रत्नागिरीजवळच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, स्थानिक मार्गदर्शक घडवतात ती पावसाळी निसर्गफेरी सजीवांचा इतिहास समजून घेऊ इच्छिणाऱ्यांनी अवश्य करावी. ओल्या कातळावरील काळपट थरात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न बनवणारे जीवाणू, असतात, आणि त्यांच्याच एका पूर्वजाला १ अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीने सामावून घेतल्यामुळे पुढे हरितलवक, म्हणजे वनस्पतींच्या पेशीतील अन्न बनवणारा हिरवा घटक, घडले, हे मार्गदर्शकांनी तो थर भिंगाखाली दाखवत इतके उलगडून सांगितले की सोबतची शाळकरी मुलेही गुडघे टेकून पाहत राहिली. दगडफुलात बुरशी व शैवाल एकत्र नांदतात. त्यातील बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची, हेही तेथेच समजले. सर्वांत रंगले ते ‘सीतेची आसवे’चे निरीक्षण: नत्र कमी असलेल्या या मातीत ही नाजूक निळी फुले फुलतात, कारण या वनस्पतीच्या इवल्याशा पिशव्या पाण्यातील सूक्ष्म जीव क्षणार्धात आत ओढून पचवतात. डबक्यातील प्रोटिस्ट (बहुतांशी एकपेशीय असे सूक्ष्म जीव) पाहण्यासाठी मात्र सूक्ष्मदर्शक एकच होता, त्यामुळे बराच वेळ रांगेत गेला. आयोजकांनी गट लहान ठेवावेत, ही आग्रहाची सूचना. शुल्क वाजवी आहे. निसरड्या कातळासाठी पकड घेणारी पादत्राणे न्यावीत.