गॅरेजचं दार आणि मी: दहा महिन्यांच्या घरगुती देखभालीचा अनुभव

जानेवारीतली पहाट. गॅरेजमध्ये बंदुकीचा बार उडावा असा आवाज झाला. बायकोला वाटलं चोर शिरला. खाली जाऊन पाहिलं तर दाराच्या वर आडव्या दांड्यावर असते ती टॉर्शन स्प्रिंग तुटून मध्ये दोन बोटांची फट पडलेली. बटण दाबलं. मोटर कण्हली, दार वीतभर उचललं आणि थांबलं. गाडी आत, ऑफिस बाहेर, न्यू जर्सीतली थंडी १२ डिग्री फॅरनहाइट.

तोवर माझी समजूत अशी, की दार मोटर उचलते. स्प्रिंगवाल्याने ती दहा मिनिटांत मोडीत काढली. आडवे पट्टे बिजागऱ्यांनी जोडून केलेल्या १६ फूट रुंद, ७ फूट उंच दाराचा जवळजवळ सगळा भार स्प्रिंगा पेलतात, मोटर फक्त ढकलते. साध्या स्प्रिंगेचं आयुष्य साधारण १०,००० फेऱ्यांचं, एकदा उघडून मिटलं की एक फेरी. आमचं घर आठ वर्षांचं, दार दिवसाला तीन-चारदा उघडतं. हिशोब जुळला. दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलून घेतल्या, साडेतीनशे डॉलर गेले. हे काम स्वतः करायचं मनातसुद्धा आणू नका. पीळ भरलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

बाकीची देखभाल मात्र घरी करायची ठरवलं आणि पहिल्याच शनिवारी माती खाल्ली. गंज सोडवायचा स्प्रे होता, तो स्प्रिंग, बिजागऱ्या, दाराची चाकं धावतात ते दोन्ही बाजूंचे ट्रॅक, दिसेल तिथे मारला. दोन दिवस दार गप्प, आठवड्यात दुप्पट कुरकुर. त्या स्प्रेने होतं ते ग्रीसही धुऊन निघालं आणि ट्रॅकमध्ये धुळीचा चिखल झाला. मग व्हाइट लिथियम ग्रीसचा स्प्रे आणला. तो स्प्रिंगेवर, बिजागऱ्यांच्या सांध्यांत आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये. ट्रॅकला काही लावायचं नाही, फडक्याने पुसायचा, बस. वर्षातून दोनदा पुरे. जोडीला सॉकेट पाना घेऊन नटबोल्ट आवळायचे, दार रोज थरथरतं त्याने ते ढिले होतात.

मुलीची खोली गॅरेजच्या वर आहे, म्हणून पत्र्याची चाकं काढून बेअरिंगवाली नायलॉनची घातली. आवाजात खरा फरक पडला तो यानेच. दार खाली ठेवून एकेक बिजागरी सोडवत दहापैकी आठ चाकं बदलली. खालच्या कोपऱ्यांतल्या दोनांना हात लावला नाही, तिथल्या ब्रॅकेटला ताणलेली केबल असते. एक गंमत: कडेच्या बिजागऱ्यांवर १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात. मी ते न बघता दोनची जागा तीनला दिली आणि दार अर्ध्यात अडायला लागलं. अख्खी दुपार ट्रॅकला शिव्या घातल्या.

एप्रिलमध्ये बाबा आले. सांगलीत तीस वर्षं दुकानाचं शटर रोज हाताने वर-खाली केलेला माणूस. माझं कौतुक ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, मोटर सोडव आणि हाताने उचलून बघ की. शटर जड लागलं की आम्ही स्प्रिंग बघायचो."

दार पूर्ण खाली असताना लाल दोरी ओढली की मोटर सुटते. मग दार कमरेपर्यंत उचलून सोडायचं. तोल बरोबर असेल तर तिथेच थांबतं. आमचं हळूहळू जमिनीवर येऊन टेकलं. बाबा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे नव्या स्प्रिंगांना पीळ कमी पडला होता आणि तीन महिने मोटर ओझं वाहत होती. स्प्रिंगवाल्याला बोलावलं. त्याने पीळ वाढवला, पैसे घेतले नाहीत. आता दर दोन महिन्यांनी हे करून बघतो. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात, आणि एवढं एकच करणार असाल तरी हेच करा.

दुसरी तपासणी लेकीसाठी. दार मिटत असताना ती खालून पळत सुटते. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती ओपनरला, म्हणजे दाराच्या मोटरला, दोन्ही बाजूंनी जमिनीपासून सहा इंचांच्या आत डोळे (मध्ये कोणी आलं की दार उलटं फिरवणारे सेन्सर) किंवा तशीच सोय सक्तीची आहे. शिवाय खाली आडवी फळी ठेवून दार मिटायचं, फळीला टेकलं की ते उलटं फिरायला हवं. आमचं आधी फळी दाबतच राहिलं, डाउन फोर्सचा, म्हणजे दार खाली किती जोराने दाबायचं त्याचा, स्क्रू थोडा कमी केल्यावर वळणावर आलं. डोळ्यांवरची कोळिष्टकं पुसत जा. ऑक्टोबरात संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यात जाऊन दार मिटेना, तेव्हा टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याची नळी डोळ्यावर चढवली. ध्यान दिसतं, पण चालतं.

तळाची रबरी पट्टीही बदलली. १६ फूट रबर खाचेतून ओढताना साबणाचं पाणी लावलं नसतं तर ते आणि मी दोघंही अर्ध्यात अडकलो असतो. जुनी पट्टी बर्फात फरशीला चिकटायची. नवीवर सिलिकॉन स्प्रे मारून ठेवलाय.

खालच्या दोन कोपऱ्यांतली जुनी चाकं अजून तशीच आहेत. दार टेकताना तिथून बारीक चीं येते. ती स्प्रिंगवाल्याच्या पुढच्या फेरीसाठी ठेवली आहे.