पारो : मांडीवर मावणारा, न बोलणारा रोबो

माणसांच्या सहवासात वावरण्यासाठी घडवलेल्या रोबोंची ओळख बहुधा त्यांना काय काय येते याच्या यादीने करून दिली जाते. ‘पारो’ची यादी मात्र फारच तोकडी आहे, कारण तो बोलत नाही, चालत नाही, फोटो काढत नाही आणि हवामानही सांगत नाही. जपानमधील संशोधक ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून विकसित केलेला हा रोबो हार्प सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लाच्या रूपात येतो, मुख्यतः स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या सोबतीसाठी वापरला जातो आणि २००९ मध्ये त्याला अमेरिकेत वैद्यकीय उपकरणाचा दर्जाही मिळाला.

सीलच का, या प्रश्नाच्या उत्तरात या रोबोच्या रचनेचे मर्म आहे. शिबाता यांनी आधी मांजराच्या रूपातला रोबो करून पाहिला होता. पण खरे मांजर कसे अंग घासते आणि कसे दूर पळते हे लोकांना पुरते ठाऊक असल्यामुळे नकलेतली प्रत्येक उणीव त्यांना खटके. सीलचे पिल्लू मात्र क्वचितच कोणी हाताळलेले असते, त्यामुळे तुलनेला काही हाताशी नसते आणि यंत्राचा मर्यादित वकूब खपून जातो. वकुबाबाहेरची अपेक्षा निर्माणच होऊ न देणे ही माझ्या मते सामाजिक रोबोंच्या रचनेतील सर्वांत अवघड गोष्ट आहे आणि बोलणाऱ्या रोबोंपैकी बहुतेकांना ती साधलेली नाही.

हाताळताना आधी जाणवते ते वजन. सुमारे पावणेतीन किलोंचा हा ऐवज मांडीवर घेतला की हात आपोआप त्याच्या पाठीखाली जातो. थोपटल्यावर तो मान उचलतो, पापण्या हळूहळू मिटतो आणि खऱ्या पिल्लांच्या आवाजावरून तयार केलेला बारीक आवाज काढतो. मिशांना हात लागलेला मात्र त्याला खपत नाही. स्पर्श, प्रकाश, आवाज, तापमान आणि शरीराची स्थिती एवढेच तो संवेदकांद्वारे ओळखतो. कुरवाळण्यापूर्वी केलेली कृती तो पुन्हा करू पाहतो, त्यामुळे काही काळाने त्याच्या वागण्याला धरणाऱ्याच्या आवडीचे वळण लागते. चार्जरसुद्धा बाळाच्या चोखणीच्या आकाराचा असून तो तोंडात द्यावा लागतो. हा लाडिकपणा मला थोडा अति वाटला, परंतु चार्जिंगच्या वेळीही सोंग मोडत नाही हे मान्य करावे लागते.

उपयोगाचा पुरावा मात्र जाहिरातीइतका ठाम नाही. ऑस्ट्रेलियातील २८ वृद्धाश्रमांत ४१५ रहिवाशांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना पारो, काहींना यंत्रणा बंद केलेला पारो आणि काहींना केवळ नेहमीची देखभाल मिळाली. नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत पारोमुळे आनंद वाढला आणि अस्वस्थता कमी झाली. बंद पारोच्या तुलनेत मात्र तो सरस ठरला तो प्रामुख्याने रहिवाशांचे लक्ष वेधून त्यांना बोलते करण्यात. म्हणजे संवेदक आणि मोटारी यांच्यासाठी मोजलेल्या पैशांतून मुख्यतः संवाद विकत मिळतो, आणि तो संवादही जवळ बसलेल्या परिचारिकेने किंवा नातेवाइकाने पुढे नेला तरच रंगतो. एकट्या माणसाच्या हाती पारो देऊन निघून जाणाऱ्या संस्थेने त्याऐवजी चांगले मऊ खेळणे घ्यावे.

इंटरनेटवाचून चालणे हा त्याचा दुर्लक्षित गुण आहे. ‘जिबो’ या बोलक्या घरगुती रोबोचे सर्व्हर २०१९ मध्ये बंद होऊ लागले, तेव्हा त्याने आपल्या मालकांना स्वतःच निरोपाचे शब्द ऐकवले होते. पारोवर तशी पाळी येण्याचे कारण नाही, आणि कॅमेरा नसल्याने रुग्णाच्या खोलीतील चित्रे कुठे जातात ही चिंताही उरत नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र मी गुण कापतो. फर जंतुरोधक असली तरी हा रोबो पाण्यात धुता येत नाही, त्यामुळे एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर देताना तो प्रत्येक वेळी काळजीपूर्वक पुसून घ्यावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याला जिवंत समजणाऱ्या रुग्णाची ही फसवणूक नव्हे काय, असे काही अभ्यासक विचारतात. विचारणाऱ्याला ‘हे यंत्र आहे’ असे सरळ सांगावे आणि तरीही ज्याला ते कुशीत हवे असेल त्याच्याकडून काढून घेऊ नये, एवढे पथ्य पाळणाऱ्या वृद्धाश्रमाला मी पारो घेण्याची शिफारस करीन. घरगुती वापरासाठी नाही.