स्क्रम की कानबान: अडलेले काम कशाने हलते?

काम वेळेवर पूर्ण होत नाही, अशी तक्रार असलेल्या टीमसमोर बहुधा काम आखण्याच्या दोन पद्धतींचे, स्क्रम आणि कानबानचे, पर्याय असतात. स्क्रममध्ये जास्तीत जास्त एक महिन्याचा स्प्रिंट, म्हणजे एक उद्दिष्ट ठरवून काम करण्याचा ठरावीक कालावधी, आखला जातो आणि रोज १५ मिनिटांची बैठक होते. ही बैठक साहेबांपुढे हजेरी लावण्यासाठी नसून स्प्रिंटचे उद्दिष्ट गाठले जाईल का, हे तपासण्यासाठी असते, याचा अनेकांना विसर पडतो.

टोयोटाच्या कारखान्यांतून आलेल्या कानबानमध्ये स्प्रिंटची सक्ती नसते. तेथे प्रत्येक कामाचे कार्ड फलकावर त्या-त्या टप्प्याच्या रकान्यात लावतात आणि चालू कामांच्या संख्येवर मर्यादा घालतात. समजा, ‘चाचणी’च्या रकान्याची मर्यादा ३ आहे आणि तेथे तीन कार्डे अडून बसली आहेत, अशा वेळी डेव्हलपरला चौथे कार्ड त्या रकान्यात सरकवता येत नाही, तो चाचणीच्या मदतीला जातो, आणि एरवी केवळ तिकिटावरील (कामाच्या संगणकीय नोंदीवरील) शेऱ्यांतून बोलणारे डेव्हलपर आणि चाचणी करणारा एका स्क्रीनसमोर येतात. बैठका न वाढवता संवाद घडतो, म्हणून मला ही युक्ती अधिक पटते.

ग्राहकाला काय हवे हेच धूसर असेल, तर मात्र स्क्रम बरा, कारण स्प्रिंटअखेरच्या रिव्ह्यूत, म्हणजे झालेले काम ग्राहकाला दाखवण्याच्या बैठकीत, गैरसमज लवकर उघडा पडतो. रोज तातडीच्या दुरुस्त्या येणाऱ्या सपोर्ट टीमने त्या वाटेला जाऊ नये. तेथे सोमवारचा बेत मंगळवारपर्यंतही टिकत नाही.