गॅलेक्सी टॅब एस६ लाइट कॉलेजात: लिहायला झकास, प्रोजेक्टरपाशी अडचण

कॉलेजसाठी टॅब घ्यायचं ठरलं की मीटिंगमध्ये रॅम आणि कॅमेऱ्यावर तासभर चर्चा होते. फळ्यावर डेरिव्हेशन करणाऱ्या प्राध्यापकाला मात्र दोनच गोष्टी हव्या असतात. पेन नीट लिहायला हवं आणि लिहिलेलं शेवटच्या बाकापर्यंत दिसायला हवं. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब एस६ लाइट पहिल्या विषयात डिस्टिंक्शन मिळवतो आणि दुसऱ्यात एटीकेटी.

खरेदीआधी एक खबरदारी. या एकाच नावाखाली तीन वेगळी मशिन विकली गेली आहेत: २०२०चं (एसएम-पी६१०, सिमवालं पी६१५), २०२२चं (पी६१३ आणि पी६१९) आणि २०२४चं (पी६२० आणि पी६२५). बाहेरून तिन्ही जवळपास सारखीच, प्रोसेसर मात्र तिन्हींत निराळा. पहिल्यात एक्सिनॉस ९६११, दुसऱ्यात स्नॅपड्रॅगन ७२०जी, तिसऱ्यात एक्सिनॉस १२८०. पुढची काही वर्षं अपडेट हवे असतील तर २०२४चंच घ्यावं, कारण ते अँड्रॉइड १४ घेऊन आलं. दुकानदार 'नवीनच आहे साहेब' म्हणाला तरी खोक्यावरचा मॉडेल नंबर वाचून मगच बिल करावं.

पेन खोक्यातच मिळतं आणि त्यात बॅटरी नाही. त्याला लागणारी ऊर्जा पडद्यामागच्या जाळीतून मिळते, त्यामुळे भर तासात पेन डिस्चार्ज होण्याचा प्रश्नच येत नाही. दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते, त्यामुळे सर्किट डायग्राम, बेंझिनची कडी, इंटिग्रलचं चिन्ह, सगळं वहीत काढल्यासारखं उतरतं. सॅमसंग नोट्समध्ये बोटाने लिहिणं बंद करायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी वापरावी. नाहीतर तळहात टेकला की मधेच फराटे उमटतात. पडद्यावर कागदासारखी मॅट फिल्म लावली तर पकड छान येते, पण पेनाची निब लवकर झिजते. सुट्या निब मिळतात, चार-पाच जवळ ठेवाव्यात. पेन कडेला फक्त चुंबकाने चिकटतं आणि बॅगेत हमखास सुटतं, म्हणून पेनासाठी खाच असलेलं कव्हर हवंच.

पीपीटीवर शिकवणाऱ्यांना एक धक्का बसतो. मायक्रोसॉफ्टची मोबाइल ॲप्स १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यावर सबस्क्रिप्शनशिवाय फाइल नुसती दाखवतात, बदल करू देत नाहीत. हा टॅब १०.४ इंची. यावर सोपा तोडगा म्हणजे लॅपटॉपवर स्लाइड्सची पीडीएफ करायची, ती सॅमसंग नोट्समध्ये उघडायची आणि तिच्यावरच लिहायचं. ॲनिमेशन जातं, पण ते गेल्याने शिकवण्याचं काही अडत नाही. स्लाइड बनवतानाच उजवीकडचा एक तृतीयांश भाग कोरा सोडला तर लिहायला ऐसपैस जागा मिळते. तास संपल्यावर तीच फाइल पीडीएफ करून गूगल क्लासरूमवर टाकायची. पान मात्र सुरुवातीलाच ए४ मापाचं निवडावं. लांबच लांब खाली सरकणाऱ्या पानाची पीडीएफ करताना समीकरण नेमकं बरोबरीच्या चिन्हापाशी तुटू शकतं.

आता प्रोजेक्टर. या टॅबच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. टाइप-सी टू एचडीएमआय ॲडाप्टर कितीही महागडा आणला तरी प्रोजेक्टर 'नो सिग्नल'च म्हणणार. दोष ॲडाप्टरचा नसतो, ती सोय टॅबमध्येच दिलेली नाही. मग कुणीतरी प्रोजेक्टरला लावून वाय-फायवरून चित्र दाखवणारं क्रोमकास्ट सुचवतं. घरी ते मस्त चालतं, पण कॉलेजच्या वाय-फायवर दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे लॉगिनचं पान, ते बऱ्याच क्रोमकास्टना भरता येत नाही. दुसरं म्हणजे सुरक्षेसाठी नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात, त्यामुळे टॅबला क्रोमकास्ट दिसतच नाही.

वर्गात प्रोजेक्टरला जोडलेला विंडोज लॅपटॉप बहुधा असतोच. त्याच्या ऑप्शनल फीचर्समधून 'वायरलेस डिस्प्ले' इन्स्टॉल केलं की तो लॅपटॉप टॅबचं चित्र स्वीकारतो, आणि टॅबवरून सॅमसंगच्या स्मार्ट व्ह्यू या सोयीने त्याला जोडता येतं. हे दोन उपकरणांमध्ये थेट चालतं, कॉलेजच्या वाय-फायशी त्याचा संबंध नाही. रेघ पडद्यावर किंचित उशिरा उमटते, तेव्हा लिहिताना नजर टॅबवरच ठेवावी. आजूबाजूच्या वर्गांत बरीच वाय-फाय चालू असतील तर चित्र अडखळतं.

सर्वांत भरवशाचा मार्ग केबलचा, आणि तो फुकटही आहे. 'एससीआरसीपीवाय' (scrcpy) नावाचा छोटा मुक्त प्रोग्रॅम लॅपटॉपवर ठेवायचा. टॅबच्या सेटिंग्जमध्ये अबाउट टॅबलेट, मग सॉफ्टवेअर इन्फर्मेशनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग सुरू करायचं, केबल जोडायची, टॅबवर आलेली परवानगी द्यायची आणि प्रोग्रॅम चालवायचा. टॅबचा पडदा लॅपटॉपच्या खिडकीत येतो, उशीर जाणवत नाही आणि नेट लागत नाही. चालला नाही तर आधी केबल बदलून पाहावी, कारण काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात. मग सिक्युरिटी विभागातला ऑटो ब्लॉकर बंद आहे ना ते बघावं. तो चालू असला की यूएसबीवरून येणारे आदेश अडवतो. डेव्हलपर ऑप्शन्स चालू असताना काही बँकांची ॲप्स उघडायला नकार देतात. ही तक्रार स्टाफरूममध्ये येणारच, तेव्हा तास झाला की ते ऑप्शन्स बंद करून टाकावेत.

आणखी एक मार्ग म्हणजे लॅपटॉपवर गूगल मीट सुरू करायचं; त्यात टॅबनेही जॉइन होऊन स्क्रीन शेअर करता येतो, पण एकाच खोलीत दोन माइक चालू राहिले की कानठळ्या बसवणारी शिट्टी येते. टॅबचा आवाज आणि माइक दोन्ही बंद ठेवूनच जॉइन व्हावं. प्रोजेक्टर जुना, व्हीजीए केबलवाला असेल तर बारीक रेघ आणि पिवळा, फिका हिरवा रंग दिसत नाहीत. जाड निळी किंवा काळी रेघ, पांढरी पार्श्वभूमी आणि एका पडद्यात आठ-नऊच ओळी, एवढं पाळलं की मागच्या बाकावरून 'सर, दिसत नाही' येत नाही.

असाइनमेंट तपासायला हा टॅब फार सोयीचा. क्लासरूम ॲपमध्ये विद्यार्थ्याची पीडीएफ उघडून थेट लाल रंगाने लिहिता येतं. त्रास होतो तो आडवे-तिडवे फोटो पाठवणाऱ्यांचा. गूगल ड्राइव्हच्या स्कॅनरने एकच पीडीएफ करून द्यायची, नाहीतर परत, असं सत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाकावं.

लेक्चर रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी ३.५ एमएमचं हेडफोन पोर्ट आहे, साधा कॉलर माइक चालतो. माइकवरचं बटण 'स्मार्टफोन'कडे असावं. ४ जीबी रॅमच्या मॉडेलवर मीट, ब्राउझर आणि दोनशे पानांची पीडीएफ एकदम उघडली तर मागचं ॲप बंद पडून पुन्हा लोड होतं. बॅटरी ७०४० एमएएच, चार्जिंग १५ वॅटचं. शून्यापासून भरायला तीन तासांच्या वर लागतात, म्हणजे दोन लेक्चर्सच्या मधल्या सुट्टीत भागणार नाही. रात्रीच लावून ठेवावा.

लॅबसाठी मात्र घाऊक घेऊ नये. टॅली, ऑटोकॅड, एसपीएसएस यांची पूर्ण डेस्कटॉप आवृत्ती यावर चालत नाही. गणितासाठीचं जिओजेब्रा आणि विज्ञानाची फेट सिम्युलेशन्स उत्तम चालतात, पण त्यासाठी लॅबमधले जुने पीसीही पुरतात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती टॅब ही कल्पना २०११ मध्ये सरकारच्या 'आकाश' टॅबच्या रूपाने देशाने करून पाहिली आहे. ७ इंची रेझिस्टिव्ह पडदा, २५६ एमबी रॅम आणि ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. स्वस्त होता, पण त्यावर कुणी मनापासून लिहावं असा नव्हता. पैसे मोजके असतील तर टॅब आधी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अकाउंट्स शिकवणाऱ्यांना द्यावेत.

बजेट थोडं वाढवता आलं आणि केबलने थेट प्रोजेक्टर हवाच असेल तर यूएसबी-सीवाला साधा आयपॅड चालतो, कारण ॲडाप्टर लावून त्यातून एचडीएमआय निघतं; पेनाचे पैसे मात्र वेगळे. तिथेही नीट पाहावं, ॲपलच्या स्वस्त यूएसबी-सी पेन्सिलला दाब कळत नाही.

सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मागणी टाकताना नुसतं 'स्टायलससह' लिहिलं तर रबरी टोकाची काडी गळ्यात पडू शकते. 'दाब ओळखणारं पेन, तळहात टेकून लिहिता येणारं, खोक्यात समाविष्ट' असं स्पष्ट लिहावं. डेड स्टॉक रजिस्टरला टॅब आणि पेन यांच्या दोन वेगळ्या नोंदी कराव्यात, हरवतं ते पेनच. टॅब प्राध्यापकांच्या खासगी जीमेलवर सुरू करू देऊ नये. निवृत्तीनंतर कुणी रिकव्हरीतून तो रिसेट केला तर मशिन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतं आणि कपाटात पडून राहतं. कॉलेजच्या डोमेनचं खातं वापरावं, आणि टॅब परत घेताना खातं काढल्याचं सेटिंग्जमध्ये डोळ्यांनी पाहूनच नो-ड्यूजवर सही करावी.