पाणी शोधणारी पेस्ट आणि हायड्रोमीटर : जनरेटरच्या डिझेलवर अकरा महिने वापरून

इंदूरला आमचं मंगल कार्यालय आहे. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताला, ऐन पंगतीत लाइट गेली आणि जनरेटर दोनदा खोकून बंद पडला. मिस्त्रीने फिल्टर उघडला तर आत पाणी, शिवाय शेवाळासारखं काळपट, बुळबुळीत काहीतरी. वऱ्हाडी मंडळी मोबाइलच्या उजेडात श्रीखंड शोधत होती. त्याच आठवड्यात पेस्टची ट्यूब, हायड्रोमीटर (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी) आणि थर्मामीटर घेतला.

माझी सगळी भिस्त हायड्रोमीटरवर होती. पंपावरून बॅरल आला की जारमध्ये डिझेल घेऊन मोजतो. परवा ३२ अंशांना घनता ८२१ (किलो प्रति घनमीटर) भरली. तापमान वाढलं की घनता अंशामागे साधारण ०.७ ने उतरते, म्हणजे १५ अंशांवर ८३३. पंपाच्या बिलावर १५ अंशांची घनता ८३२ होती. तीनपर्यंतचा फरक चालतो. पण हे आवक तपासण्यापुरतंच. पाणी जड, ते तळाला बसतं. वरच्या डिझेलचा आकडा तोच येतो. शिवाय काच! पहिला धुतानाच फुटला.

खरी कामाला आली ती पेस्ट. काठीच्या टोकाला बोटभर पातळ लावायची, काठी तळाला टेकवून दहा-पंधरा सेकंद धरायची. पाणी असेल तेवढी मोहरीच्या रंगाची पट्टी लाल होते. आमचा घात चातुर्मासात होतो: लग्नं नाहीत, ९९० लिटरची टाकी अर्धी रिकामी आणि पावसाळी दमट हवा आत-बाहेर करतेय, तिच्यातली वाफ आत निवून पाणी होते. श्रावणअखेर काठीवर पाच मिलिमीटर लाल. आडव्या गोल टाकीत ते पाऊण लिटर भरलं. झाकणाचा वॉशरही चिरलेला निघाला, पाऊस थेट आत!

तक्रारी आहेत. पेस्ट हाताला लागली की दोन दिवस निघत नाही. आणि त्या बुळबुळीतपणाबद्दल ती काहीच सांगत नाही. ते जंतू पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढतात. त्यासाठी दर पंधरवड्याला टाकीच्या तळाच्या तोटीतून (ड्रेन कॉक) बाटलीभर काढून उजेडात धरतो. एकदा तपकिरी तंतू तरंगताना दिसले, तेव्हा टाकी उपसून पुसून घेतली.

पुढच्या आषाढीआधी टाकी जवळजवळ भरून ठेवायची आहे. एवढे पैसे चार महिने टाकीत पडून राहणं बाबांना पटत नाही. त्यांना पटवायचं काम आईकडे दिलंय.