पहिला पुल-अप: बँड लावून की निगेटिव्ह करून?

बारला लटकता येतं, पण हनुवटी बारच्या वर जात नाही. या टप्प्यावर अडकलेल्याला हमखास दोन सल्ले मिळतात: बँड (ताणणारा रबरी पट्टा) लाव, नाहीतर निगेटिव्ह (फक्त वरून सावकाश उतरणं) कर. सल्ले दोन्ही बरोबर आहेत. पण दोन्हींतून मिळतं ते वेगवेगळं, आणि हे सहसा कुणी सांगत नाही.

बँड बारला अडकवून त्यात पाय किंवा गुडघा ठेवला की तो तळाशी सगळ्यात जास्त ताणलेला असतो. म्हणजे मदत खाली भरपूर आणि वर जाल तशी कमी. वरच्या टप्प्यात अडत असाल तर हे सोयीचंच आहे, कारण तिथलं काम तुम्हालाच करावं लागतं. शिवाय सलग पाच-सहा पूर्ण रेप (व्यायामाची एकेक आवर्तनं) निघतात आणि हालचाल अंगवळणी पडते. खोट आहे ती सुरुवातीला. हात सरळ, अंग सैल, अशा स्थितीतून आधी खांदे कानांपासून खाली ओढायचे असतात. कोपर न वाकवता शरीर जेमतेम इंच-दोन इंच वर येतं, छाती किंचित उघडते, आणि मगच कोपरं बरगड्यांकडे खाली खेचायची. बँड नेमका इथेच उसळी देतो. त्यामुळे खांदे कानाशी चिकटलेले असतानाही माणूस वर जातो आणि फॉर्म जमला असं त्याला वाटतं.

निगेटिव्हमध्ये स्टूलवरून थेट वर पोचायचं आणि सावकाश उतरायचं. जेवढं वजन वर ओढता येत नाही, तेवढं स्नायू उतरताना पेलू शकतो. सगळी गंमत त्यातच आहे. पूर्ण शरीराचा भार पहिल्या दिवसापासून अंगावर येतो. पाच सेकंद मोजत उतरा, पोट आणि नितंब आवळलेले ठेवा आणि शेवटी हात पूर्ण सरळ होऊ द्या. शेवटचा टप्पा धपकन सोडून देण्याचा मोह बहुतेकांना होतो, पण तळाची ताकद तिथेच कमवायची असते. एका सेटला, म्हणजे सलग केलेल्या एका फेरीला, तीन ते पाच रेप पुरेत. उतरण्याचा वेग हाताबाहेर गेला की सेट संपला. अंग मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चांगलंच दुखतं, म्हणून आठवड्यातून दोनदाच करा. कोपराच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखं दुखू लागलं तर आधी रेप कमी करा.

लॅट पुलडाउन मशीनने पाठ मजबूत होते, पण त्यात तुम्ही बसलेले असता आणि बार खाली येतो. झोका न घेता लटकतं शरीर सांभाळणं तिथे शिकता येत नाही. पूरक म्हणून ठीक.

निवड करायची तर एकदा वरून उतरून पाहा. तीन सेकंदही तग धरता येत नसेल तर जाड बँड घ्या, आणि सोबत फक्त खांदे खाली ओढायचा सराव वेगळा करा. तीन सेकंद सहज जमत असतील तर माझं मत सरळ निगेटिव्हला, शेवटी हवं तर पातळ बँडचा एखादा सेट. दोन्हींत तळवे स्वतःकडे ठेवून सुरुवात केली तरी चालेल. दंडाची मदत जास्त मिळते आणि पहिला रेप बहुतेकांना याच पकडीत लवकर निघतो. बँड वापरणार असाल तर दरवेळी त्यावर चीर पडली आहे का ते बघा. ताणलेला बँड तुटला तर फटका तोंडावर बसतो.